नालोंगोची सुरी आणि टोपली

किबूका मामांचे कान भरायची शेवटची संधी किझ्झाला न्याहारीच्या वेळी मिळाली आणि ती तिने साफ वाया घालवली. गेली होती अगदी तयारीने. मामांना आवडतो तसा आल्याचा गोडमिट्ट चहा, वर उकडलेला गरम कसावा, आणि गुडघे टेकून इतक्या लाघवी आवाजात विचारपूस, की पोरीचं काहीतरी काम आहे हे मामांनी तेव्हाच ओळखलं. ती रेस्टीचं नाव सुचवणार होती. मामांची धाकटी लेक रेस्टी किती मनमोकळी, आईची किती लाडकी, आईसारखीच कशी खदाखदा हसते, हे सगळं तिने मनाशी घोकून ठेवलं होतं. पण तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"मामा, कुणालाही करा, पण टेओताईला नको."

मामांनी चहाचा घोट घेतला, मिशी पुसली, आणि चहा छान झालाय एवढंच म्हणाले. आपल्याच थोरल्या लेकीविरुद्ध बापाकडे चुगली करायला आलेल्या भाचीला याहून मऊ उत्तर कोण देणार? किझ्झा रिकामा कप घेऊन बाहेर आली आणि मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

बाहेर नुसता गोंधळ होता. लुकुंगा गावात इतकी माणसं किझ्झाच्या आईच्या, नालोंगोच्या मयतालाही नव्हती. मसाक्याहून, कंपाल्याहून, पार सरहद्दीवरून गाड्या आल्या होत्या. रात्रभर ढोल बडवून पुरुषांचे आवाज बसले होते तरी गाणं थांबत नव्हतं. बायका नव्या गोमेश्या नेसून आल्या होत्या, खांद्यांची टोकं उभी, कमरेचे पट्टे चकाकणारे, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपल्याकडेच सगळे बघतायत. नालोंगोला जाऊन वर्ष झालं होतं. वर्षभर रडून झालं होतं. आज दुःख घराबाहेर काढायचं आणि तिच्या जागी नवी आई बसवायची, म्हणून गाव सणासारखं उठलं होतं. नालोंगो असती तर सगळ्यात आधी तीच नटून बसली असती आणि ढोलवाल्यांना म्हणाली असती, जोर लावा रे, मेलेली मी आहे, तुम्ही नाही.

पोरं बापाच्या कुळाची, आई मात्र जन्मभर आपल्या भावांच्या कुळाची. त्यामुळे आईची जागा घ्यायची ती पोटच्या पोरीने नाही, मामाच्या पोरीने. कोणती ते कुळातली म्हातारी माणसं पहाटे बसून ठरवतात आणि शेवटच्या घटकेपर्यंत त्या पोरीलाही सांगत नाहीत, नाहीतर ती पळून जाते. मग तिला धरून आणायचं, उंबऱ्यात उभं करायचं, झाडाच्या सालीचं लाल-तपकिरी वस्त्र तिच्या खांद्यावर बांधायचं, आणि हातात केळी सोलायची सुरी आणि टोपली द्यायची. त्या क्षणापासून ती नालोंगो. तिचा शब्द तो आईचा शब्द. पोरांनी तिला आईच म्हणायचं, मग ती वयाने लहान का असेना.

मामांना मुली दोन. रेस्टी झाली असती तर किझ्झाला काही अडचण नव्हती, त्या दोघींनी एकाच झाडावरचे फणस चोरून खाल्ले होते. पण टेओपिस्टा? मसाक्याच्या शाळेत गणित शिकवणारी, चर्चच्या गायनात कुणाचा सूर घसरला तर मान वळवून बघणारी, लग्नाच्या जेवणात पाहुण्यांना हात धुवायला परत पाठवणारी टेओताई? नालोंगो तिला तोंडावर 'हेडमास्तरीणबाई' म्हणायची. टेओताईला आई म्हणायला आपली जीभ वळणारच नाही, असं किझ्झा आठवडाभर ज्याला त्याला सांगत होती.

आणि नुसत्या जिभेचा प्रश्न असता तर निभावलं असतं. खरी गोम होती कॉफीच्या बीची.

नालोंगो आणि नाक्यांझी मावशी एकाच हंगामात लग्न होऊन लुकुंग्यात आल्या. दोघी लांबच्या गावच्या, दोघींच्या सासवा खाष्ट, बोलायला जिवाभावाचं कुणी नाही. कॉफी तोडता तोडता एके दिवशी दोघींनी एक लाल फळ फोडलं, बोटं कापून आतल्या दोन बिया रक्तात भिजवल्या, हिची बी तिने खाल्ली आणि तिची हिने. झाल्या सख्ख्यांहून सख्ख्या. असं नातं एकदा जोडलं की त्यातून सुटका नाही, आणि त्या दोघींची पोरं एकमेकांची भावंडं होतात. भावंडांचं लग्न कोण लावून देईल?

किझ्झाला लग्न करायचं होतं ते नाक्यांझी मावशीच्या ल्वासाशी.

हे तिने आईला सांगितलं तेव्हा नालोंगो आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मग गप्प बसली. नालोंगो गप्प बसलेली किझ्झाने जन्मात पहिल्यांदा पाहिली. कॉफीचा हंगाम संपू दे, मग सांगते, असं ती शेवटी म्हणाली होती. हंगाम संपायच्या आत तीच गेली. सकाळी चुलीपाशी केळी सोलायला बसली, ती उठलीच नाही. उत्तर तिच्याबरोबर गेलं.

आता ते उत्तर नवी नालोंगो देणार होती. सुरी-टोपली हातात घेतली की नाक्यांझी मावशी तिच्यापुढे कॉफीचं फळ धरणार. तिने बी खाल्ली तर मैत्री पुढे चालू, आणि किझ्झा-ल्वासा जन्मभर भाऊबहीण. नाही खाल्ली तर मैत्री मातीत आणि लग्नाला वाट मोकळी. पण मग मावशीचं काय? वर्षभर ती रोज संध्याकाळी येऊन रिकाम्या चुलीपाशी बसत होती. तिलाच या घरातून उपटून टाकायचं आणि तिच्याच मुलाचा हात धरायचा? किझ्झाला हे कुणाजवळ बोलताही येत नव्हतं.

फणसाच्या झाडाखाली चटया टाकून बायका हिरवी केळी सोलत होत्या. किझ्झाची बहीण बाबिरये मधोमध बसली होती. जुळ्यांतली ती थोरली, त्यामुळे घरातलं सगळं आपल्याला आधी कळतं असा तिचा जन्मापासूनचा समज. किझ्झा शेजारी बसली तशी ती हळूच म्हणाली, "मामांना चहा पाजून आलीस ना? मी काल कोंबडी पाठवली होती."

किझ्झाचा हात सुरीवरच थांबला. "कुणासाठी?"

"टेओपिस्टासाठी. दुसरं कोण आहे त्या घरात अक्कल असलेलं?"

मग बाबिरयेने केळी सोलता सोलता सगळं ऐकवलं. टेओपिस्टा रीतीभातीला धरून चालणारी आहे, ती बी खाईल, आईचा शब्द राहील, आणि गावात तोंड दाखवायला जागा राहील. वयाने आपल्याहून लहान पोरीला आई म्हणावं लागलं तरी चालेल, पण भावाशी लग्न केलेली बहीण नको. किझ्झा म्हणाली की तो माझा भाऊ नाही. बाबिरये म्हणाली की आईच्या बोटावरचा वण तू पाहिला होतास की नाही? किझ्झाने पाहिला होता. लहानपणी झोप येईपर्यंत ती तोच वण चाचपत पडायची.

तेवढ्यात काटो आला. जुळ्यांतला धाकटा, मोंबासाच्या वाटेवर ट्रक चालवणारा, आणि बहिणींच्या भांडणात नेहमी हरणाऱ्या बाजूला उभा राहणारा. मटोकेची केळी शिजायला टाका म्हणून सांगायला आला आणि तिथेच फतकल मारून बसला. ताई, तू आईला फारच सोवळी करून टाकलीस, असं म्हणून त्याने बाबिरयेच्या नवऱ्याची गोष्ट काढली. ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती, तरी सुऱ्या थांबल्या.

जावयाने सासूसमोर यायचं नाही, सासूने जावयाला तोंड दाखवायचं नाही, हा नियम नालोंगोसारख्या बोलघेवडीला म्हणजे शिक्षाच होती. एकदा बाबिरयेचा नवरा आंबे घेऊन आला तो गाडीसकट अंगणातल्या चिखलात रुतला. नालोंगो पळाली ती केळीच्या बेटामागे. दुपारभर तो गाडी काढत होता आणि दुपारभर केळीमागून तिचा आवाज येत होता, चाकाखाली फांद्या घाल, अरे डावीकडे, तुझी डावी रे बाबा, कुणी शिकवली याला गाडी. गाडी निघाली तेव्हा ती टाळ्या वाजवत होती, पण पानांच्या आडूनच.

बायका हसून हसून लवंडल्या. बाबिरयेही हसली, आणि हसता हसता तिने पट्ट्याच्या टोकाने डोळे पुसले. किझ्झाला आई त्या क्षणी इतकी हवीशी वाटली की छाती दुखली. मग बाबिरये नाक ओढून म्हणाली की बघ, खोड्या कितीही केल्या तरी नियम तिने मोडला नाही. काटो यावरही हरला.

ढोलांपाशी ल्वासा होता. एरवी तो गावोगाव सोलरचे दिवे बसवत फिरायचा, पण नालोंगो मावशीच्या कार्याला ढोल मीच वाजवणार म्हणून हटून बसला होता. किझ्झा पाण्याची घागर घेऊन उगाच त्या बाजूने गेली. तो काही विचारणार तोच तिने मान हलवली. त्याने आपल्या आईचं काय ते तिला सांगितलं. नाक्यांझी पहाटेच जुन्या कॉफीच्या झाडाखाली जाऊन फळ तोडून आली होती. तू काय करणार असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, पोरगा माझा आहे आणि मैत्रीणही माझीच होती, मी काही सांगणार नाही, नालोंगो ठरवेल. आणि मग भर रस्त्यात रडायला लागली होती.

"आणि टेओपिस्टा झाली तर?" ल्वासाने विचारलं.

किझ्झा म्हणाली, "तर तू मला दर नाताळला बहीण म्हणून कोंबडी आण."

ल्वासाला हसू आलं नाही. त्याने ढोलावर अशी थाप मारली की दोन म्हातारे दचकून जागे झाले.

आणि मग सगळं एकदम सुरू झालं. घरातून कुळातले म्हातारे बाहेर पडले, किबूका मामा पुढे, पांढऱ्या पायघोळ कान्झूवर काळा कोट, हातात घडी घातलेलं सालीचं वस्त्र. गर्दी उंबऱ्याकडे लोटली. लहान पोरं मोठ्यांच्या खांद्यावर चढली. रेस्टी गर्दीत पुढेच उभी होती, केस नव्याने विणलेले, ओठ रंगवलेले, आणि आपल्याला काही ठाऊक नाही असा चेहरा करायचा प्रयत्न करत होती. किझ्झाने तिचा हात घट्ट धरला. मामांनी कुळाचं नाव घेतलं, बापजाद्यांची नावं घेतली, बहिणीचं नाव घेतलं, आणि तिथे त्यांचा आवाज चिरकला. रेस्टीची बोटं किझ्झाच्या हातात गार पडली होती.

मामांच्या दोन चुलत भावांनी गर्दीत मुसंडी मारली. ते रेस्टीच्या अंगावरून गेले. फणसाच्या पलीकडे, चुलींपाशी, टेओपिस्टा आचाऱ्याला शेंगदाण्याच्या रश्शात मीठ जास्त पडल्याबद्दल फैलावर घेत होती. त्यांनी तिला पाठीमागून धरलं. पळी हातात तशीच. तिचा चष्मा घसरला. गावभर बायकांनी जिभा फिरवून असा काही आनंदाचा पुकारा केला की झाडावरचे पक्षी उडाले.

"मीठ," टेओपिस्टा म्हणाली. "अहो, ते मीठ..."

कोण ऐकतंय? तिला उचलूनच आणली म्हणा ना. रेस्टीने हात सोडवून घेतला, क्षणभर ओठ चावले, आणि मग तीही ओरडायला लागली, काही झालं तरी बहीणच ती. बाबिरयेच्या चेहऱ्यावर कोंबडी वसूल झाल्याचं समाधान पसरलं. काटोने किझ्झाच्या खांद्यावर हात ठेवला. किझ्झाला काही ऐकू येत नव्हतं, नुसते ढोल आणि स्वतःचं काळीज.

टेओपिस्टाला उंबऱ्यात उभं केलं. मामांनी वस्त्र उलगडून तिच्या खांद्यावर गाठ मारली. सुरी दिली, आईचीच, मुठीला सुतळी गुंडाळलेली. टोपली दिली. मामा आपल्या लेकीला म्हणाले, आजपासून तू माझी बहीण आहेस, ही तुझी मुलं, हे तुझं घर, तुझ्या दारातून कुणी उपाशी जाऊ नये. बापाने आपल्याला बहीण म्हटल्यावर टेओपिस्टाचा चेहरा कसा झाला ते किझ्झाने पाहिलं. वर्गात मोठा साहेब अचानक आला की बाईंचा होतो, तसा. मग तिने चष्मा सारखा केला आणि ताठ उभी राहिली.

बाबिरयेने गुडघे टेकले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, आलीस." काटोने डोकं वाकवून तेच म्हटलं, जरा घोगऱ्या आवाजात. किझ्झाची पाळी आली. तिने गुडघे टेकले, ओठ हलवले, पण शब्द बाहेर येईना. मान खाली घालून ती तशीच उठली. टेओपिस्टाने ते पाहिलं.

आणि मग गर्दीतून वाट काढत नाक्यांझी मावशी आली. नेहमीची मावशी म्हणजे लांबून आवाज यायचा आधी, माणूस मागून. आज ती मुकाट्याने आली. तिने ओंजळ उघडली. आत एक लालभडक कॉफीचं फळ होतं. मामांनी शेजारी नवं ब्लेड धरलं. ढोल थांबले.

"टेओपिस्टा," मावशी म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "नालोंगो. तुझ्या नि माझ्या मैत्रीचं हे फळ. खाणार असशील तर खा. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. नुसती घरी जाईन."

ते 'घरी जाईन' किझ्झाला सहन झालं नाही. तिच्या डोळ्यांपुढे रिकामी चूल आली, आणि चुलीपाशी कुणीच नाही. खाऊन टाक टेओताई, असं ओरडावंसं तिला वाटलं. आणि त्याच वेळी ढोलामागे उभा असलेला ल्वासा दिसला, टिपऱ्या हातात धरून दगडासारखा, आणि नको खाऊस म्हणून ओरडावंसंही वाटलं. ती दोन्ही ओरडली नाही.

टेओपिस्टाने फळ उचललं. बाबिरयेने सुस्कारा टाकला. पण ब्लेडला टेओपिस्टाने हात लावला नाही. फळ बोटांत फिरवत ती बोलायला लागली, आणि आवाज वर्गातलाच होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा.

"आत्याने मरायच्या आधी मला एक गणित घातलं होतं. शाळेत येऊन, फळ्यापाशी उभी राहून. म्हणाली, हेडमास्तरीणबाई, माझ्याकडे एक मैत्रीण आहे आणि एक मुलगी आहे. एक वजा केल्याशिवाय दुसरी राहत नाही. कोणती करू? मी म्हटलं, आत्या, हे गणित सुटणारं नाही. तर ती हसली आणि म्हणाली, मग तुझ्या गणितात काही दम नाही. फळ्यावरचा खडू खिशात घालून निघून गेली." टेओपिस्टा थांबली. "वर्षभर मी ते सोडवतेय."

म्हणजे आई गप्प बसली होती ती नुसती गप्प नव्हती. उत्तर शोधत मसाक्यापर्यंत जाऊन आली होती, माझ्यासाठी, असं किझ्झाच्या मनात आलं आणि तिला भडभडून आलं.

टेओपिस्टाने ते लाल फळ न फोडता तसंच आपल्या टोपलीत ठेवलं. वर सुरी ठेवली. मावशीची ओंजळ हवेतच राहिली. मग टेओपिस्टाने मान उंच करून गर्दीच्या पलीकडे पाहिलं.

"ल्वासा. तो मोठा ढोल इकडे घेऊन ये. इथे, माझ्यासमोर."

ल्वासा गोंधळला. ढोल छातीशी धरून वाट काढत आला. पायरीपाशी आला. एक पायरी चढला. आणि भर गावासमोर टेओपिस्टाने एकदम पाठ फिरवली, अंगावरचं सालीचं वस्त्र ओढून डोक्यावरून तोंडावर घेतलं, आणि भिंतीकडे तोंड करून अंग चोरून उभी राहिली.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. ल्वासा ढोल धरून तसाच. मग काटोच्या तोंडून एक चित्कार बाहेर पडला.

"अरे पळ! सासू आहे तुझी, पळ!"

तेव्हा कुठे ल्वासाच्या डोक्यात प्रकाश पडला. ढोल त्याने टाकलाच. तो पायऱ्यांवरून गडगडत खाली आला आणि त्याच्या पुढे ल्वासा, चटया तुडवत, सोललेली केळी उडवत, केळीच्या बेटात शिरून दिसेनासा झाला. गावाने हंबरडाच फोडला, पण हसण्याचा. बायकांचा पुकारा थांबेचना. रेस्टी किझ्झाच्या गळ्यात पडून उड्या मारत होती. किझ्झा हसतेय की रडतेय हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

बाबिरये तरातरा पुढे झाली. आई असं कधी करणार नाही, बी खाल्लीच पाहिजे, गाव काय म्हणेल, असं तिने एका दमात सगळं म्हणून टाकलं. वस्त्राच्या आतून आवाज आला, फारसा मोठा नाही.

"बाबिरये, बस."

आणि बाबिरये बसली. चाळिशी उलटलेली, दोन दुकानांची मालकीण, जुळ्यांतली थोरली बाबिरये मटकन पायरीवर बसली आणि आपण का बसलो याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. मामांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांना काही बोलायचं होतं, पण नालोंगोने सांगून झालं होतं, आणि नालोंगो त्यांनीच तर बसवली होती.

फक्त नाक्यांझी मावशी हसत नव्हती. ती रिकामी ओंजळ बघत होती. "म्हणजे आमचं संपलं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

टेओपिस्टाने भिंतीकडे तोंड ठेवूनच हात मागे केला, मावशीचा हात शोधला आणि धरला. "संपेल कसं? मैत्रीण म्हणून बी खाऊन यावं लागत होतं. आता विहीणबाई म्हणून या. रोज या. हक्काने बसा, रस्सा खारट झाला म्हणून भांडा. नातवंडं झाली की न्हाऊ घालायला तुम्ही एक पाय धरा, मी एक धरते. ते फळ टोपलीत आहे, मी टाकलेलं नाही."

मावशीने तो हात इतका गच्च धरला की टेओपिस्टा कळवळली. मग मावशीचा जुना आवाज परत आला, लांबवर जाणारा. रस्सा खारट आहेच, मी मघाशीच चाखलाय, असं ती म्हणाली आणि भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. बाबिरये पायरीवरून उठली नाही, पण थोडी सरकली आणि मावशीला बसायला जागा करून दिली.

ढोल पुन्हा सुरू झाले, दुसऱ्याच कुणी घेतले. गर्दी अंगणभर पसरून नाचायला लागली. किझ्झा पायऱ्या चढून वर गेली, आणि काय बोलावं ते न कळून वस्त्राच्या त्या गाठोड्यापुढे गुडघे टेकून बसली. आतून श्वास ऐकू येत होता, पळून आल्यासारखा. टोपलीतली सुरी खुळखुळत होती, कारण टोपली धरलेला हात थरथरत होता. टेओताईला भीती वाटू शकते हे किझ्झाला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

"जावई गेला का?" आतून कुजबुज आली.

"गेला. केळीत लपलाय."

वस्त्र बाजूला झालं. चष्म्यावर वाफ धरली होती, कपाळावरून घाम ओघळत होता, आणि हेडमास्तरीणबाईंच्या ओठांचा एक कोपरा हसू आवरायला बघत होता.

"मग जरा पाणी आण. घसा सुकलाय माझा. आणि जाता जाता त्या रश्शात दोन बटाटे टाकायला सांग, मीठ उतरेल."

"आणते, आई," किझ्झा म्हणाली आणि धावत सुटली. माठापाशी जाऊन पेला भरल्यावर तिला कळलं की आपण काय म्हणालो, आणि मग ती तिथेच, पेला हातात धरून, रडली.